आजीच्या दगडावर काय लिहायचं?

आजीला जाऊन बरीच वर्षं झाली. २०१९ च्या पावसाळ्यात ती गेली, सत्त्याऐंशी वर्षांची होऊन. तिच्या कबरीवर अजून दगड बसलेला नाही. आधी माती बसू दे म्हणून थांबलो, मग २०२० उजाडलं आणि घराबाहेर पडायचीच चोरी झाली. त्यानंतर आमच्या घराण्याची खासियत, म्हणजे "बघू पुढच्या महिन्यात". यंदा मात्र काकांनी मनावर घेतलंय. भाव काढून झाले, कडप्पा की ग्रॅनाइट यावर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन आठवडे काथ्याकूट झाला, ग्रॅनाइट जिंकला. आता प्रश्न उरला एवढाच, की त्यावर लिहायचं काय?

नाव, जन्म, मृत्यू हे तर झालंच. खाली बायबलमधला एक संदर्भ टाकायचा अशी आमच्यात पद्धत आहे. काकांनी सुचवलं, नीतिसूत्रे, अध्याय ३१. सद्गुणी स्त्रीचं वर्णन. सगळ्यांनी पटापट हात जोडल्याची चित्रं टाकली. मी काहीच टाकलं नाही. आत्याने विचारलं, "तू का गप्प?" म्हटलं, लिहून सांगते. तर हे ते लिहिणं. काका, रागावू नका. शेवटपर्यंत वाचा, मग बोला.

जे नातेवाईक नाहीत त्यांच्यासाठी थोडी ओळख. आम्ही नगरचे मराठी ख्रिस्ती. (शहराचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं, पण आजीच्या तोंडी शेवटपर्यंत 'नगर'च होतं, म्हणून इथेही नगरच म्हणते.) आमच्याबद्दल लोकांच्या कल्पना मोठ्या गमतीच्या असतात. "घरी इंग्लिशच बोलत असाल ना?" हे मला दर नोकरीत एकदा तरी ऐकावं लागलंय. आजीला इंग्रजी येत होतं ते 'थँक्यू'पुरतं. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं, 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये तिथूनच निघायला लागलं, आणि मिस सिंथिया फॅरारची मुलींची शाळा बघायला खुद्द जोतीराव फुले नगरला गेले होते. म्हणजे आमचा धर्म आमच्यापर्यंत मराठीतूनच आला. आजीची प्रार्थना मराठी, भांडण मराठी, भजनं टिळकांची. नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या. फक्त कपाळ मोकळं. त्यावरून एसटीत शेजारची बाई हळहळून विचारायची, "मालक कधी गेले हो?" आणि मालक पुढच्याच सीटवर पेपर वाचत बसलेले असायचे!

आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. आजीही त्यांना 'मास्तर'च म्हणायची. ती बोर्डिंगात शिकली, सातवी पास झाली, आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचे पांढरे बूट तिला फार आवडायचे, असं ती सांगायची. पण १९५० मध्ये अठराव्या वर्षी लग्न झालं. बूट राहिले. चार मुलं, सासू, अधूनमधून गावाकडून शिकायला आलेले दिराचे दोघे, आणि रविवारी उपासनेनंतर कोणीतरी पाहुणा ठरलेलाच.

आता तिच्या भक्तीबद्दल. पहाटे चारला उठायची. स्टोव्ह पेटवायच्या आधी बायबल. तासभर. त्या वेळी घरात कोणी उठलं तरी तिला हाक मारायची नाही, हा नियम. लहानपणी मला वाटायचं, आजी देवासाठी किती लवकर उठते! आता मला नोकरी आहे, मुलगा आहे, आणि आता वाटतं की चोवीस तासांतला तो एकच तास तिचा स्वतःचा होता. देवाच्या नावावर लावून ठेवला होता, म्हणून कोणी मागू शकलं नाही. दोन्ही खरं असेल. तिचा देवावर विश्वास होताच, आणि देवानेही तिला तेवढी एक खोली भाड्याने दिली होती म्हणा.

भाकरी करायला बसली की परातीत पीठ घ्यायच्या आधी एक मूठ पीठ वेगळ्या डब्यात. रोज. महिनाअखेरीस तो डबा महिला मंडळात जायचा. पगार वाढला म्हणून मूठ मोठी नाही आणि उधारी झाली म्हणून मूठ लहान नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची. तिच्या भाकऱ्या थापता थापता तुटायच्या, आणि गावाकडची माणसं खडी फोडायच्या कामाला चालली होती. त्या वर्षीही मूठ चुकली नाही. फक्त डबा महिला मंडळाऐवजी शेजारच्या भाभींकडे गेला, कारण त्यांच्या घरी कमावणारं माणूस अंथरुणाला खिळलं होतं. "देवाचंच आहे, देवाला पत्ता बदललेला कळतो," हे तिचं स्पष्टीकरण.

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तिच्या दफनविधीच्या वेळी मीच सांगितली होती. मला चार मिनिटं दिली होती. मी सांगितलं, आजी प्रेमळ होती, भाविक होती, कष्टाळू होती, दुष्काळात स्वतः उपाशी राहून तिने सगळ्यांना जेवू घातलं. लोकांनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी नंतर पाठीवर हात ठेवून "चांगली साक्ष दिलीस" म्हटलं. मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं फार दिवस टिकलं नाही. परतीच्या प्रवासात बाबा गाडीत खिडकीबाहेर बघत एकदम म्हणाले, "आई जेवली की नाही, हे आम्ही कधी विचारलंच नाही गं." त्या दुष्काळात बाबा एकोणीस वर्षांचे होते. आजोबा रोज घरी जेवत होते. एवढ्या मोठ्या घरात, भाकऱ्या किती आहेत आणि माणसं किती आहेत हा हिशेब एकालाही करता आला नाही? करता येत होता. गरज पडली नाही, कारण आमच्याकडे त्यासाठी एक सुंदर शब्द तयार होता. सेवा.

माझा मुद्दा नेमका हाच आहे. आजीच्या श्रद्धेने तिच्यावर अन्याय केला असं मी म्हणत नाही. ऑफिसमधल्या माझ्या एका मैत्रिणीचं तसं मत आहे. ती म्हणते, धर्माने बाईला बांधून ठेवलं, आणि तुम्ही त्याचं कौतुक करताय. मला ते पटत नाही. त्या धर्मामुळे आजी वाचायला शिकली. तिच्या गावात तिच्या वयाच्या इतर मुलींना पाटी दिसली नव्हती. त्या धर्मामुळे ती महिला मंडळात उभं राहून मोठ्याने बोलली, वर्गणीचा हिशेब ठेवला, चार बायकांचं भांडण सोडवलं. दुसरीकडे, आमचे नातेवाईक म्हणतात ती संत होती. तेही मला पटत नाही. संत म्हटलं की त्या माणसाला काही लागत नाही असं आपण ठरवून टाकतो. आजीला लागत होतं. तिला गरम भाकरी आवडायची, आणि गरम भाकरी बाईच्या वाट्याला येते ती पाहुणी म्हणून गेल्यावर. धाकट्या आत्याकडे गेली की ती पहिली पंगत धरून बसायची आणि "आण गं गरम" म्हणायची, तेव्हाचा तिचा चेहरा मला अजून आठवतो.

चूक तिच्या श्रद्धेची नव्हती. चूक आमची होती. तिने जे देवाला दिलं, ते आम्ही हक्काने खाल्लं.

आणि हे काही आमच्याच घरचं नाही. मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म भरताना व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं असं दादाने विचारलं, तर तिघे एकदम म्हणाले, "काही नाही लिही, घरीच असायची." आपल्या जनगणनेतही फक्त घरकाम करणारी बाई काम न करणाऱ्यांत मोजली जाते. गंमत म्हणजे आजी गेली त्याच वर्षी, २०१९ मध्ये, सरकारने लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं विनामोबदला घरकामात घालवतात असं त्यात निघालं. पुरुषांची ९७ मिनिटं, आणि तीही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची, म्हणजे साधारण चारातल्या एकाची. २९९ मिनिटं म्हणजे पाच तास. आजी हे वाचून हसली असती. "पाचच?"

असो. आता नीतिसूत्रांकडे येते.

काका, तो अध्याय वाईट नाही. मी पुन्हा वाचला. त्यातली बाई रात्र असतानाच उठते, घरच्यांना जेवण देते, लोकर-ताग आणते, शेत विकत घेते, तिचा दिवा रात्री विझत नाही. नवरा वेशीत वडीलधाऱ्यांबरोबर बसलेला असतो. आजीचंच वर्णन वाटतं, कबूल. पण बघा, त्यात ती किती उपयोगाची आहे हे सगळं आहे. ती स्वतः काय म्हणते ते मात्र नाही. बावीस वचनं तिच्याबद्दल, आणि तिच्या तोंडी एक वाक्य नाही. आणि शेवटचं वचन आपण सगळे विसरतो. तिच्या हातांच्या कामाचं फळ तिला द्या, असं तिथे सांगितलंय. घर आजोबांच्या नावावर होतं, नंतर मुलांच्या झालं. बँकेचं पासबुक तिला पहिल्यांदा मिळालं ते आजोबा गेल्यावर, पेन्शनसाठी. म्हणजे हा अध्याय दगडावर कोरायचा तर शेवटच्या वचनाची बाकी आपल्याकडे निघते, एवढं लक्षात घेऊन कोरा.

माझ्याकडे दुसरा संदर्भ आहे. तो माझा नाही, आजीचाच आहे.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. एका रविवारी प्रवचन मार्था आणि मरीया यांच्यावर होतं. ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी: बेथानीला दोघी बहिणी. येशू घरी येतो. मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते, मार्था स्वयंपाकात. मार्था तक्रार करते की हिला मला मदत करायला सांग. येशू तिला सांगतो की तू पुष्कळ गोष्टींची चिंता करतेस, मरीयेने चांगला वाटा निवडलाय. लूकच्या दहाव्या अध्यायात आहे. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, बायांनो, मार्था होऊ नका, मरीया व्हा. आणि उपासना संपल्यावर ते आमच्याकडेच जेवायला आले. मटण होतं.

आजी वाढत होती. तिसऱ्यांदा रस्सा वाढताना ती म्हणाली, "पाळकसाहेब, एक विचारू? त्या दिवशी मार्थापण जाऊन पायाशी बसली असती, तर जेवण कोणी केलं असतं?"

आजोबांना ठसका लागला. पाळकसाहेब भला माणूस, मोठ्याने हसले. म्हणाले, "बाई, पुढच्या रविवारी तुम्हीच प्रवचन करा."

"करीन की," आजी म्हणाली. "पण तुम्ही मार्थाची अर्धीच गोष्ट सांगता. लाजर मेला तेव्हा गावाबाहेर पुढे जाऊन प्रभूला कोण भेटलं? मरीया घरातच बसून राहिली होती. आणि तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, असं कोण बोललं? पेत्र बोलला तर त्याला किल्ल्या मिळाल्या. मार्था तेच बोलली, तिला काय मिळालं? पुढच्या अध्यायात ती पुन्हा वाढतेच आहे."

जेवणावर शांतता पसरली. पाळकसाहेबांनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, "हे मी असं कधी वाचलं नव्हतं." आणि जेवण झाल्यावर ते ताट उचलून मोरीवर घेऊन गेले. आमच्या घरात पुरुषाने ताट उचललेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आजोबा बघतच राहिले. आजी नंतर कितीतरी दिवस त्यांना म्हणायची, "मास्तर, उठलेल्या प्रभूने स्वतः विस्तव करून शिष्यांना मासे भाजून दिले. योहानात शेवटी आहे. तुम्ही निदान चहा टाका." आजोबांनी चहा टाकला नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पुढे ताट उचलायला लागले.

मी ही गोष्ट पूर्ण विसरले होते. गेल्या महिन्यात आत्याने कपाट आवरताना आजीचं बायबल माझ्याकडे दिलं. समासात तिने पेन्सिलीने बारीक तारखा लिहून ठेवल्यात. कोणाचा जन्म, कोणाचा टायफॉइड, कोणाची दहावी. माझ्या पहिल्या नोकरीची तारीखपण आहे, स्तोत्रांत. नुसती तारीख, दुसरं काही नाही. आपण कोणाला विसरत नाही हे स्वतःशी नोंदवून ठेवायची तिची ती वही होती. आणि योहानाच्या अकराव्या अध्यायात, सत्ताविसाव्या वचनाशी, एक उभी रेघ आहे. ती रेघ इतक्या वेळा ओढलीय की कागद तिथे पातळ झालाय. शेजारी तारीख आहे, १९५० मधली. तिच्या लग्नाच्या आठवड्यातली.

नर्सिंग सुटलं, त्या आठवड्यात तिने मार्थाच्या शब्दांपाशी रेघ ओढली. त्याचा अर्थ काय, मी ठामपणे सांगू शकत नाही. मला एवढंच वाटतं, की स्वयंपाकघरात जायचंच आहे तर तोंड बंद ठेवून जायचं नाही, असं तिने ठरवलं असावं. मार्थासारखं.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आजीने कितीदा वाचली याची गणती नाही. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाईंनी पाच वर्षं थांबून, स्वतःला पटल्यावर, १९०० मध्ये घेतला. आजीला त्या पुस्तकात सर्वांत जास्त हेच आवडायचं. "नवऱ्याच्या मागून गेली नाही, आपल्या पायाने गेली." आणि दुसरं आवडायचं ते त्यातली भांडणं. लक्ष्मीबाईंनी लिहिलं, म्हणून महाराष्ट्राला कळलं की भाविक बाईला विनोद असतो, राग असतो, मत असतं. आमच्या आज्यांनी लिहिलं नाही. त्यांनी रेघा ओढल्या. त्या वाचायचं काम आपलं.

आणि आता माझी स्वतःची कबुली, कारण ती दिल्याशिवाय हे सगळं खोटं होईल. कॉलेजात असताना एकदा वादावादीत मी आजीला म्हणाले होते, "तू आयुष्यभर केलंस काय? चूल आणि बायबल!" ती भाजी निवडत होती. तिने वर बघितलं, म्हणाली, "चूल होती म्हणून तुझा बाप शिकला, आणि बायबल होतं म्हणून मी चुलीत गेले नाही." आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. मी माफी मागितली नाही. पुढच्या वीस वर्षांत हजार वेळा मागता आली असती. दर वेळी वाटलं, ती विसरली असेल. जिने माझ्या पहिल्या पगाराची तारीख लिहून ठेवली, ती विसरली असेल?

त्यामुळे माझं मत असं. दगडावर तिचं नाव असू दे. आजोबांची पत्नी, अमक्याची आई हे असू दे, त्यात तिला कमीपणा वाटला नसता. 'प्रेमळ' वगैरे नको, ते सगळ्याच दगडांवर असतं. आणि खाली फक्त संदर्भ: योहान ११:२७. वचन पूर्ण लिहायची गरज नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल, ज्याला नाही कळणार तो घरी जाऊन उघडून बघेल. आजीला हे आवडलं असतं. लोकांनी बायबल उघडावं म्हणून ती काहीही करायची.

काका, तुम्हाला नीतिसूत्रेच हवी असतील तर दोन्ही टाकू, ग्रॅनाइटला जागा आहे. पण मग नीतिसूत्रे ३१:३१ असं नेमकं वचन टाकू, हातांचं फळ द्या म्हणणारं. आणि दगड बसवायला सगळे जमू त्या दिवशीचा स्वयंपाक तुम्ही, बाबा आणि दादा मिळून करा. आत्यांना आणि आईला पहिल्या पंगतीला बसवा. भाकऱ्या गरम वाढा.

मूठ पिठाची मी काढीन. डबा माझ्याकडेच आहे.